डाळजचा ठिपका

म्हाळसाताई आटोळ्यांकडे येणारा माणूस बहुधा आधी डोळे पुसतो, मग चहा पितो आणि मग काय हरवलं ते सांगतो. गेणूआबा बागलांनी हा क्रम मोडला. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, खांद्यावरची कापडी पिशवी मांडीवर घेतली आणि सगळ्यात आधी लग्नाची पत्रिका पुढे केली.

"परवा शुक्रवारी आमच्या लेकीचं, अनिताचं लगीन हाय. सहकुटुंब यायचं," ते म्हणाले. पिशवीतून त्यांनी स्टीलचा एक डबा काढला, नखं रुतवून त्याचं घट्ट झाकण ओढलं आणि मूठभर अक्षता पत्रिकेवर ठेवल्या. घरावर काहीही कोसळलेलं असो, पहिल्यांदा भेटणाऱ्या माणसाला आमंत्रण आधी आणि गाऱ्हाणं नंतर, अशी त्यांची रीत होती.

शेजारी सुयोग भापकर बसला होता, म्हणून त्याच्याही हातावर मूठ रिकामी झाली. सुयोगचं मोबाईलचं दुकान याच इमारतीत खाली होतं आणि गिऱ्हाईक नसलं की तो वर येऊन म्हाळसाताईंचा सहायक व्हायचा. त्याला हे पद कोणी दिलं नव्हतं. त्यानं ते घेतलं होतं, आणि ताईंनी काढून घेतलं नव्हतं.

म्हाळसाताईंनी तीस वर्षं बारामतीच्या बसस्टँडवर प्रवाशांच्या विसरलेल्या वस्तू सांभाळल्या होत्या. छत्र्या, डबे, दाताच्या कवळ्या, एकदा तर जिवंत कोंबडी. निवृत्त झाल्यावर त्यांनी भिगवण रोडवर गिरणीच्या वरची खोली घेऊन 'आटोळे शोधकार्य' अशी पाटी लावली. वस्तू बघितली की तिच्यावरचं नाव वाचायचं ही त्यांची जुनी खोड होती. आताही त्यांनी टेबलावरचा डबा बोटानं फिरवला. 'सौ. द्वारकाबाई गेणू बागल, वरकुटे' अशी अक्षरं त्यावर कोरलेली होती.

"बाईंच्या नावाचा डबा घेऊन फिरताय," ताई म्हणाल्या.

"घरातलाच हाय. त्येच्यासाठी नवा कशाला इकत आणायचा," आबा म्हणाले.

ताईंनी चार दाणे तळहातावर घेऊन हुंगले आणि इंद्रायणी दिसतोय म्हणाल्या. मग आबांनी गाऱ्हाणं सांगायला घेतलं.

द्वारकाबाईंची बोरमाळ नाहीशी झाली होती. ती त्यांच्या सासूची. अनिताच्या गळ्यात ती लग्नात पडायची होती. द्वारकाबाईंचा कपाटावर विश्वास नाही, कारण चोर आला की आधी कपाटच फोडतो असं त्या म्हणतात. त्यामुळे बोरमाळेची जागा सारखी बदलत असते आणि कधीकधी ती त्यांनाही सापडत नाही. याला कंटाळून अनितानं दिवाळीत एक युक्ती केली. बोरमाळेच्या बटव्यात तिनं बटणाएवढी एक चकती टाकली, जिचा ठिकाणा मोबाईलवर दिसतो.

सुयोग खुर्चीत ताठ बसला. ती चकती त्याच्याच दुकानातून गेली होती, आणि विकताना त्यानं अनिताला सांगितलं होतं की ताई, आता ही वस्तू जन्मात हरवायची नाही.

शनिवारी घरात रंगारी होते, मांडवाची मापं घ्यायला माणसं आली होती. म्हणून द्वारकाबाईंनी बटवा स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यात, अगदी तळाशी पुरला. मंगळवारी हात घालून बघितलं तर डबा जागेवर, तांदूळ डब्यात, बटवा मात्र नाही. पुण्यात नोकरी करणाऱ्या अनिताला फोन लावला. तिनं मोबाईलवर बघून तीन नोंदी सांगितल्या. रविवारी दुपारी डाळज. सोमवारी सकाळी बारामती. सोमवारी संध्याकाळी वडगाव निंबाळकर.

"डाळज माझ्या सुनेचं माहेर हाय," आबा म्हणाले. "रेश्मा तिचं नाव. भीमाची बायकू. वरीस झालं लग्नाला. रईवारी ती डाळजला गेली हुती, आन् ठिपका बी रईवारीच डाळजला. भीमाच्या आईनं सगळ्या भावकीपुढं इचारलं तिला, बोरमाळ कुणाला दिली म्हणून. पोरगी एक अक्षर बोलली न्हाय. आज पाच वाजता तिचा भाऊ गाडी घिऊन न्यायला येतोय. लग्नाआधी गेली तर परत यायची न्हाय, ताई. कुणी यावं तरी कशाला."

ताईंनी विचारलं, तुम्हाला काय वाटतं.

"मी सोताच हुतो की तिच्यासंगं त्या दिवशी. येष्टीनं गेलो दोघं. तिच्या हातात साधी पर्स बी न्हवती. पिशव्या समद्या माझ्याच हातात." आबांनी पिशवी पोटाशी ओढली. "बोरमाळ न्हाय घावली तरी चालंल मला. पण सून जायला नगं. ती चोर न्हाय एवढं तुमी कुणालातरी पटवा."

तेवढ्यात आबांचा साधा, बटणांचा फोन वाजला. पलीकडे अनिता होती आणि तिचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. ठिपका आत्ता, या क्षणाला दिसत होता. बारामती, भिगवण रोड.

सुयोग जिना तीन उड्यांत उतरला. रस्त्यावर उसाचा एक ट्रॅक्टर, पेरूची गाडी आणि हेल्मेट घातलेला एक संशयास्पद माणूस होता. सुयोगनं हेल्मेटवाल्याला अडवलं. तो वीजबिल वाटणारा निघाला, आणि सुयोगच्याच दुकानाचं बिल देऊन गेला.

धापा टाकत सुयोग वर आला तेव्हा आबांनी डबा बंद करून पिशवीत टाकला होता आणि म्हाळसाताई अनिताशी बोलत होत्या. ठिपक्याची नवी नोंद येत नाही, असं ती सांगत होती. चोर निसटला, या विचारानं सुयोगला फार वाईट वाटलं. ताईंना वाटलेलं दिसलं नाही. त्या अनिताला उलट भलतंच सांगत होत्या. पुण्याहून सोलापूर हायवेनंच येणार ना, मग डाळजला उतर, रेश्माच्या भावाच्या गाडीतून ये, आणि त्यांच्या घरी दिलेल्या अक्षतांतल्या चिमूटभर कागदात बांधून आण.

"आबा, आज आणखी कुठं आमंत्रणं द्यायची होती?" फोन ठेवून त्यांनी विचारलं.

"बारामतीतली चार घरं ऱ्हायलीत."

"ती राहू देत. आता आपण वरकुट्याला जायचं. तुम्ही पुढच्या सीटवर बसा, पिशवी मांडीवर घेऊन."

म्हाताऱ्या माणसाला एवढं अवघडून बसवायचं कारण सुयोगला कळलं नाही. पण गाडी त्याची असल्यामुळे ती काढणं त्याच्याकडेच आलं.

वाटेत ताईंनी त्याला चकतीचं सगळं पुन्हा विचारलं. सुयोग खुलला. चकतीला स्वतःला आपण कुठे आहोत हे कळत नाही, तो म्हणाला. ती नुसती हाका मारत असते. जवळपास एखादा फोन असला आणि त्याच्यात ही सोय चालू असली, की तो हाक ऐकतो आणि स्वतः जिथं उभा आहे ती जागा मालकाला कळवतो. म्हणजे ठिपका खरं तर त्या फोनाचा. मालकाचा फोन पंधरा-वीस पावलांवर असेल तर चकतीला वाजवताही येतं, पण अनिता पुण्यात असल्यामुळे तो उपाय आजवर झाला नव्हता.

"डाळज ते बारामती या रस्त्याला असे फोन किती असतील?" ताईंनी विचारलं.

"शेकडो. नुसत्या भिगवणच्या चौकात पन्नास."

"आणि त्यातल्या एकानंही हाक ऐकली नाही?"

सुयोगनं विचार केला. बटव्यानं डाळजला हाक मारली, मग एकदम बारामतीत मारली, मग वडगावात. मधल्या वाटेवर तोंडातून ब्र नाही. चकती बिघडली असावी असं त्याला वाटलं, पण ती त्याच्याच दुकानातली असल्यामुळे तो बोलला नाही.

पहिला मुक्काम विशालकडे. विशाल आबांचा भाचा, बहिणीचा मुलगा. त्याचं मांडव-डेकोरेशनचं गोडाऊन बारामतीतच होतं. शनिवारी मापं घ्यायला तोच वरकुट्याला गेला होता आणि बारामतीचा ठिपका सोमवारी बरोबर त्याच्या गोडाऊनवर उमटला होता. सुयोगनं त्याच्याकडे डोळे बारीक करून बघितलं.

विशाल चिडला. मापं अंगणात घेतली, स्वयंपाकघराचा उंबराही ओलांडला नाही, असं तो म्हणाला. सोमवारी सकाळी मामा पत्रिका द्यायला आले, चहा घेऊन गेले, त्यापलीकडे काही घडलं नाही. ताईंनी बटव्याचं काहीच विचारलं नाही. त्यांनी अक्षता कुठे ठेवल्या ते विचारलं. विशालनं गल्ल्याशेजारच्या देवाच्या फोटोकडे बोट दाखवलं. वाटीत केशरी रंगाच्या अक्षता होत्या, अधूनमधून पांढरा दाणा. ताईंनी त्यातल्या चिमूटभर पुडीत बांधल्या.

"ताई, देवाच्या आहेत त्या," सुयोग दबक्या आवाजात म्हणाला.

"देव पुरावा द्यायला नाही म्हणत नाही," ताई म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

दुसरा संशयित मानसिंग. हा द्वारकाबाईंचा धाकटा भाऊ, वडगाव निंबाळकरचा, वीस म्हशींचा धनी. बोरमाळेवर माझाही डोळा आहे असं तो दर दिवाळीला गमतीनं म्हणायचा, आणि आता ती गंमत त्याच्या अंगाशी आली होती. ताईंनी त्याला फोन लावून दाजींनी दिलेल्या अक्षता घेऊन चार वाजेपर्यंत वरकुट्याला यायला सांगितलं. म्हशींची धार कोण काढणार, असं तो म्हणाला. ताईंनी भाचीचं लग्न मोठं की धार, असं विचारल्यावर मात्र येतो म्हणाला.

पुढच्या तासाभरात सुयोगनं गाडी चालवता चालवता कट उलगडला. सुनेनं बोरमाळ डाळजला भावाला दिली, भावानं ती विशालकडे पोचवली, विशालनं वाटा घेऊन मानसिंगच्या गोठ्यात लपवली, आणि आज ती विकायला पुन्हा बारामतीत आणली. तिघेही सामील. पुढच्या सीटवर आबा पिशवी पोटाशी धरून ऐकत होते. त्यांचा चेहरा पडत चालला, तसं मागून ताईंनी सुयोगच्या खांद्यावर टिचकी मारली आणि रस्त्यात खड्डे फार आहेत, तिकडे बघ म्हणाल्या.

वरकुट्यात बागलांच्या दारात मांडवाचे वासे उभे राहिले होते. घराला नवा रंग होता आणि घरात मात्र कोणी कोणाशी बोलत नव्हतं. द्वारकाबाई काळा चष्मा लावून ओसरीत बसल्या होत्या, कारण पंधरा दिवसांपूर्वीच त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. भीमा डाळिंबाच्या बागेत निघून गेला होता. तो धड आईच्या बाजूनं बोलू शकत नव्हता, धड बायकोच्या. आतल्या खोलीत रेश्मा साड्यांच्या घड्या घालत होती.

ताई आधी द्वारकाबाईंजवळ बसल्या. त्यांना राग कमी आणि भीती जास्त होती हे सुयोगलाही कळलं. सासूनं मरताना विश्वासानं दिलेली वस्तू आपल्या हातून गेली, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं.

"सैपाकघरात तिच्याशिवाय हाय कोण?" त्या म्हणाल्या. "मला बी वंगाळ वाटतंया. पण त्यो मोबाईल काय खोटं बोलंल व्हय?"

ताईंनी तो तांदळाचा डबा बघायला मागितला. स्वयंपाकघरात फळीवर एका मापाचे डबे ओळीनं मांडले होते. द्वारकाबाईंनी चाचपडत तिसरा डबा काढून दिला. तिसरा म्हणजे तांदळाचा, तीस वर्षं हीच जागा, असं त्या म्हणाल्या. ताईंनी डबा फिरवला आणि त्यावरचं नाव सुयोगला दाखवलं. 'सौ. रेश्मा हिस भावाकडून सप्रेम, डाळज.'

झालं. सुयोगच्या मते चोरीवर चोराचं नावच कोरलेलं होतं. त्याचं त्यालाच वाईट वाटलं, कारण आत घड्या घालणारी मुलगी त्याला एव्हाना आवडायला लागली होती.

रेश्माशी ताई उभ्याउभ्याच बोलल्या. तू भावकीपुढं गप्प का बसलीस, असं त्यांनी विचारलं.

"काय बोलू?" रेश्मा म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची. "न्हाय म्हणाले असते, तर आत्या खोट्या पडल्या असत्या सगळ्यांम्होरं. आन् त्यांनी मला चोर म्हणावं, हेच मला खरं वाटंना."

मग ताईंनी फळीवरच्या डब्याचं विचारलं. ती म्हणाली, रविवारी पहाटे अंघोळीहून आले आणि भाताला तांदूळ घ्यायला गेले तर डबा जागेवर नव्हता. आत्यांनी कुठंतरी हलवला असेल असं वाटलं. त्यांना उठवायला नको म्हणून माझ्या माहेरच्या सेटमधला डबा घेतला, पोत्यातून भरला आणि त्याच जागी ठेवला.

"हे कुणाला सांगितलंस?"

"एवढं काय सांगायचं त्यात?"

ताई हसल्या. दिवसभरात पहिल्यांदाच.

सव्वाचारला मानसिंग मोटारसायकलवरून आला. रुमालात बांधलेल्या अक्षता त्यानं बहिणीपुढे ठेवल्या आणि तोंड फिरवून बसला. पाचला दहा कमी असताना पांढरी गाडी दारात थांबली. रेश्माचा भाऊ ऋषिराज उतरला आणि मागून अनिता. ऋषिराजनं कोणाला रामराम घातला नाही. तो सरळ आत गेला, बहिणीची बॅग उचलून बाहेर आला आणि म्हणाला, "चल."

रेश्मा त्याच्या मागोमाग ओसरीपर्यंत आली. आबा ओसरीतच पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

"ऋषिराज, दहा मिनिटं," म्हाळसाताई म्हणाल्या. "बोट सगळ्यांपुढं दाखवलं गेलंय. ते खोडायचं तर सगळ्यांपुढंच. मग जायचं तर खुशाल जा." त्यांनी भीमालाही बागेतून बोलावून घेतलं.

सगळे ओसरीत जमले. ताईंनी जमिनीवर चार कागद ओळीनं मांडले. पहिल्यावर डाळजच्या अक्षता ठेवल्या, दुसऱ्यावर विशालच्या, तिसऱ्यावर मानसिंगच्या. चौथ्यावर स्वतःच्या पर्समधल्या, आज सकाळी मिळालेल्या. सगळे खाली वाकले. डाळजच्या अक्षता लालभडक होत्या. बारामतीच्या केशरी. वडगावच्या फिकट गुलाबी. आणि चौथ्या कागदावर जवळजवळ पांढरा तांदूळ होता, कुठंतरी एखादा दाणा रंगलेला.

"एकाच डब्यातल्या अक्षता दिवसागणिक फिकट का होतील?" ताईंनी विचारलं. "बाईमाणूस अक्षता करतं तेव्हा परातीत तांदूळ घेतं, हळदकुंकू लावून चोळतं, वाळवतं आणि मग डब्यात भरतं. या अक्षता तशा केलेल्या नाहीत. कुणीतरी आधीच भरलेला डबा उचललाय, वरून हळदकुंकू ओतून बोटानं फिरवलंय आणि झाकण लावलंय. वरचा थर रंगला, खालचा तसाच राहिला. आता अक्षतांसाठी वासाचा इंद्रायणी कोण वापरतं? ज्याला तांदळातलं काही कळत नाही आणि पहाटेची एसटी गाठायची आहे, असा माणूस."

आबांनी हळूच टोपी काढली आणि डोकं खाजवलं.

"दुसरी गोष्ट चकतीची. ती रस्त्यावर गप्प आणि घरात बोलकी, असं का?" ताईंनी सुयोगची किल्ली मागितली. तिलाही तशीच चकती होती. ती त्यांनी फळीवरच्या तांदळाच्या डब्यात टाकली, झाकण दाबून बसवलं आणि सुयोगला अंगणात जाऊन मोबाईलवरून वाजवायला सांगितलं. सुयोगनं चारदा बटण दाबलं. काही नाही, चकती सापडतच नाही असं मोबाईल म्हणत होता. ताईंनी झाकण काढलं, आणि किल्ली चिमणीगत चिवचिवायला लागली.

"घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यातून तिची हाक बाहेर पडत नाही. म्हणजे ठिपके उमटले ते बटवा जिथं होता तिथं नाही. जिथं झाकण उघडलं, तिथं. डाळजला रविवारी, विशालकडे सोमवारी सकाळी, मानसिंगरावांकडे संध्याकाळी. आणि आज सकाळी माझ्या टेबलावर. शेजारी सुयोगचा फोन होता, त्यानंच हाक ऐकली. सुयोग चोर शोधायला खाली पळाला तेव्हा मी आबांना झाकण लावायला सांगितलं आणि अनिताला विचारत राहिले. झाकण लागलं आणि नोंदी थांबल्या."

सुयोगला हेल्मेटवाला आठवला. आपल्याच फोननं आपल्याला पळवलं हे कळून त्याला हसावं की खाली बघावं ते समजेना.

"आता डब्याचं बघा," ताई म्हणाल्या. "फळीवर तिसऱ्या जागी रेश्माचा डबा आहे, कारण रविवारी पहाटे द्वारकाबाईंचा डबा तिथून उठला होता. द्वारकाबाई, तुमच्या डोळ्यांवर काळा चष्मा. तुम्ही जागा ओळखलीत, डबा नाही. तुम्ही बटवा पुरला तो डबा वेगळा आणि मंगळवारी हात घातलात तो वेगळा. तुमच्या नावाचा डबा मी आज सकाळीच बघितलाय."

सगळ्यांच्या नजरा आबांच्या मांडीवरच्या पिशवीकडे गेल्या होत्या.

"ठिपका डाळजला दिसला तेव्हा तुम्ही विचारलंत, तिथं राहतं कोण," ताई म्हणाल्या. "विचारायला हवं होतं, तिथं गेलं कोण. डाळज, बारामती, वडगाव, तिन्हीकडं गेलेला माणूस या घरात एकच आहे. आणि तो स्वतःच मला सांगत होता की पिशव्या समद्या माझ्याच हातात. अनिता, वाजव."

आबांनी डबा काढून झाकण ओढलं. अनितानं मोबाईलवर बोट ठेवलं. पांढऱ्या तांदळाच्या पोटातून बारीक, गोड आवाज यायला लागला, जणू आत कोणी पाखरू पाळलं होतं.

रेश्मानंच हात घातला. लाल खणाचा बटवा वर आला, त्यातून तांदळाचे दाणे सांडले. तिनं तो उघडलासुद्धा नाही, तसाच सासूच्या ओंजळीत ठेवला.

"काखेत कळसा आन् गावाला वळसा," मानसिंग म्हणाला, आणि पहिल्यांदा तोच हसला. "दाजी, माझ्या घरी रातभर मुक्कामाला हुती की बोरमाळ. मला म्हाईत असतं तर सोडली नसती."

"अजून चार घरं केली असती तर आबांच्याच मुठीत आली असती," ताई म्हणाल्या. "विहिणीच्या हातावर अक्षता म्हणून पडली असती."

हशा झाला, पण आबा हसले नाहीत. ते सुनेसमोर जाऊन उभे राहिले. "चोर मीच हाय, पोरी," ते म्हणाले. "मंगळवारी समद्यांनी घर धुंडाळलं, तवा पिशवी तितं खुंटीलाच टांगलेली हुती." रेश्मानं त्यांना पुढं बोलू दिलं नाही. तुम्हीच तर माझ्यासाठी बारामती गाठलीत, असं म्हणून ती त्यांच्या पाया पडायला वाकली आणि दोघंही रडायला लागली.

मग द्वारकाबाई उठल्या. त्यांनी काळा चष्मा काढला. डॉक्टरांनी काढू नका असं बजावलं होतं, पण आता कोणी अडवलं नाही. त्यांनी रेश्माचा चेहरा दोन्ही हातांत धरून जवळून बघितला.

"माझं चुकलं," त्या मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. बटवा त्यांनी सुनेच्या हातात दिला आणि तिची बोटं त्यावर मिटली. "हितनं फुडं ही तूच ठिवायची. कुठं ठिवली ते मला सांगू बी नगं. मी इसरते, आन् मग दुसऱ्यावर घालते."

ऋषिराज अजून बॅग धरून उभा होता. त्याला आता काय करावं ते सुचत नव्हतं.

"दादा," रेश्मा म्हणाली, "बॅग आत नेऊन माळ्यावर टाक. आन् बूट काढ, जेवूनच जायचं."

म्हाळसाताईंनी फी घेतली नाही. आमंत्रण घेतलंय, त्यात आलं, असं त्या म्हणाल्या. आबांनी उरलेला तांदूळ परातीत ओतला. अनिता, रेश्मा आणि द्वारकाबाई तिघी बसल्या आणि हळदकुंकू घालून नीट, रीतसर चोळायला लागल्या. तिघींचे हात कोपरापर्यंत लाल झाले.

सुयोगनं बटव्यातली चकती काढून पुसली आणि पुन्हा घालून देऊ का, असं विचारलं. त्याच्या दुकानाची अब्रू राहिली होती आणि तो खुशीत होता. रेश्मानं चकती त्याच्या हातातून घेतली आणि बोरमाळ सासूबाईंनी माझ्याकडे दिलीय, आता तिला चकतीची गरज नाही म्हणाली. सुई-दोरा आणून तिनं ती चकती खुंटीवरच्या कापडी पिशवीच्या कानात पक्की शिवून टाकली.

"आबा उद्या पहाटे उरलेली आमंत्रणं द्यायला निघणार हायेत," ती दोरा तोडत म्हणाली. "घरातनं काय काय घिऊन गेलेत, ते आपल्याला कळायला नगं?"

द्वारकाबाई हसता हसता परातीवर वाकल्या, आणि मूठभर लाल अक्षता आबांच्या टोपीवर पडल्या.